पेशीचा थांबा

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा म्हणून ओळखला जातो. तितकाच तो बिडीचाही आहे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांतून पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या. उन्हाळ्यात जंगलातून आलेली तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, चिमूटभर तंबाखू पसरून पान वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे, हा उद्योग घराच्या ओसरीवरच चालत आला. त्याचा पूर्वीचा जोर आज राहिलेला नसला तरी तो संपलेलाही नाही. बिडी न ओढणाऱ्या बाईचेही हात दिवसभर तंबाखूत असतात आणि तंबाखूची धूळ श्वासावाटे तिच्या शरीरात जात असते. याच जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा तोंडात धरण्याची सवय शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली आहे.

तंबाखूने कर्करोग होतो, हे वाक्य आता भिंतीभिंतींवर रंगविलेले असते. परंतु पहिली चिमूट आणि प्रत्यक्ष रोग यांच्या दरम्यान पंधरा-वीस वर्षांचा काळ जातो. या काळात शरीर काय करीत असते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. शरीर त्या काळात स्वस्थ बसलेले नसते. इजा झालेली प्रत्येक पेशी आपले विभाजन थांबविते, इजा दुरुस्त करते आणि मगच पुढे जाते. हा थांबा ही पेशीच्या जीवनातील अतिशय महत्त्वाची घटना होय. शाळेत विभाजनाच्या अवस्था आकृत्यांसह पाठ करून घेतल्या जातात. थांब्याविषयी मात्र क्वचितच काही सांगितले जाते. ही उणीव दूर होणे इष्ट आहे, कारण तंबाखूपासून सिकलसेलच्या गोळीपर्यंत अनेक गोष्टींचा उलगडा या थांब्यातून होतो.

मूळ नोंद आणि नक्कल

आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डी.एन.ए.चा सुमारे २ मीटर लांबीचा धागा ४६ गुणसूत्रांच्या रूपाने गुंडाळून ठेवलेला असतो. शरीर घडविण्याच्या आणि चालविण्याच्या सर्व सूचना त्यावर लिहिलेल्या आहेत. हा धागा दुपदरी असून एका पदरावरील मजकुरावरून दुसऱ्या पदराचा मजकूर जुळविता येतो.

हा धागा अभंग राहतो अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. शरीरातील पाणी, ऑक्सिजन आणि पेशीची स्वतःची रासायनिक कामे यांमुळे प्रत्येक पेशीतील डी.एन.ए.ला दररोज हजारो लहानमोठ्या इजा होतात. तंबाखूला हात न लावणाऱ्या निर्व्यसनी माणसाच्या पेशीतही हे घडते. बहुतेक इजा एकाच पदराला झालेल्या असतात आणि दुसऱ्या पदराच्या आधारे त्या भरून काढता येतात. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडून दाखविल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर मात्र प्रसंग गंभीर असतो. क्ष-किरणांमुळे आणि काही विषारी द्रव्यांमुळे असे घडते.

महसूल खात्यातील मंडळींना यातील धोका लगेच उमगेल. मूळ नोंदीत चूक राहिली आणि ती दुरुस्त होण्यापूर्वीच तिच्या नकला निघाल्या, तर प्रत्येक नकलेत तीच चूक उतरते. पुढे मूळ कोणते आणि चुकीचे कोणते हे ठरविणेही कठीण होऊन बसते. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या सर्व डी.एन.ए.ची नक्कल काढते. इजा तशीच असताना नक्कल निघाली तर ती इजा कायमची चूक बनून नव्या पेशींत आणि त्यांच्या पुढील पिढ्यांत जाते. म्हणून दुरुस्ती आधी आणि नक्कल नंतर, हा क्रम पाळला जाणे आवश्यक आहे. तो कोण पाळते, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे दीर्घकाळ होता.

यीस्टवरील प्रयोग

याचे उत्तर पाव फुगविणाऱ्या यीस्ट या एकपेशीय जीवाने दिले. क्ष-किरणांचा मारा झालेले यीस्ट काही तास विभागत नाही, हे ठाऊक होते. परंतु इजेमुळे पेशीचे यंत्र बिघडते म्हणून ती थांबते, की ती स्वतःहून थांबते, हे समजत नव्हते. सायकल पंक्चर झाल्यामुळे अडणे वेगळे आणि पंक्चर झाल्याचे ध्यानात येताच स्वाराने उतरणे वेगळे.

अमेरिकेतील सिॲटल येथे लेलंड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा संशय फेडला. 'रॅड-९' नावाचे जनुक निकामी असलेले यीस्ट त्यांनी घेतले. क्ष-किरणांचा मारा होऊनही हे यीस्ट थांबले नाही. ते विभागत राहिले आणि मेले. याचा अर्थ असा की, थांबा हा बिघाडाचा परिणाम नसून तो पेशीने दिलेला हुकूम होता आणि हुकूम देणारे जनुकच येथे गैरहजर होते. त्यानंतर त्यांनी केलेली गोष्ट मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर वाटते. याच सदोष यीस्टला त्यांनी एका औषधाने काही तास कृत्रिमरीत्या थांबवून ठेवले आणि मग मोकळे केले. आता त्यातील पुष्कळ पेशी जगल्या! दुरुस्तीची हत्यारे त्यांच्यापाशी होतीच. ती चालविण्यास उसंत तेवढी नव्हती.

या थांब्याच्या जागांना हार्टवेल आणि वाइनर्ट यांनी इंग्रजीत जे नाव दिले, त्याला मराठीत 'तपासणी नाका' हा चपखल शब्द आहे. पेशीचक्रावरील संशोधनासाठी हार्टवेल यांना टिम हंट आणि पॉल नर्स यांच्यासह २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नाक्यावरील कारभार

तेंदूपत्त्याचा ट्रक वनविभागाच्या नाक्यावर येतो, तेव्हा वाहतूक परवाना पाहिल्याखेरीज दांडा वर होत नाही. पेशीच्या मार्गावर असे मुख्य नाके दोन आहेत. पहिला डी.एन.ए.ची नक्कल सुरू होण्यापूर्वी. दुसरा नक्कल पूर्ण झाल्यावर, पेशी प्रत्यक्ष दुभंगण्यापूर्वी. नक्कल चालू असतानाही एक फिरता पहारा असतोच.

धागा तुटला की सर्वप्रथम ते ओळखणारे प्रथिन म्हणजे 'ए.टी.एम.'. बँकेच्या यंत्राशी याचा काही संबंध नाही. हे नाव एका दुर्मीळ आनुवंशिक रोगावरून आले आहे. या रोगात मुलाचा तोल जातो, डोळ्यांत बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात, किरणांचा मारा त्याला मुळीच सोसत नाही आणि कर्करोगाचा धोका फार वाढतो. या रोगास कारणीभूत असलेले जनुक १९९५ साली इस्राएलमधील योसेफ शिलोह यांच्या गटाने शोधून काढले. पहारेकऱ्याची शिटीच वाजली नाही तर काय होते, याचे हे मानवी उदाहरण दुःखद खरे, पण त्यातून शास्त्राला पुष्कळ शिकावयास मिळाले.

ए.टी.एम.ने इशारा दिला की तो 'पी-५३' या प्रथिनापर्यंत पोहोचतो. एरवी पेशी पी-५३ तयार करते आणि लगेच मोडूनही टाकते, त्यामुळे त्याचा साठा होत नाही. इशारा मिळताच ही मोडणी थांबते आणि केंद्रकात पी-५३ साठू लागते. ते 'पी-२१' नावाचे दुसरे प्रथिन तयार करविते. पेशीला विभाजनाकडे ढकलणाऱ्या विकरांना हे पी-२१ घट्ट धरून ठेवते आणि पहिल्या नाक्याचा दांडा खाली राहतो. हा दुवा १९९३ साली स्पष्ट झाला. दुसऱ्या नाक्यावर इतर प्रथिने असेच काम करतात.

यानंतर तीनपैकी एक गोष्ट घडते. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे जाते. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल तर पेशी विभाजनाचा मार्ग कायमचा सोडून देते, किंवा ती शिस्तीने स्वतःचा नाश करून घेते. शरीराच्या हिताच्या दृष्टीने तिन्ही मार्ग योग्यच आहेत. डेव्हिड लेन यांनी १९९२ साली पी-५३ ला जनुकसंचाचा राखणदार म्हटले, ते याच कारणाने. माणसाच्या जनुकसंचात या राखणदाराचे एकच जनुक आहे. त्याची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. हत्तीत मात्र अशी सुमारे वीस जनुके असल्याचे २०१५ मध्ये आढळले. इजा झालेली हत्तीची पेशी दुरुस्तीच्या खटाटोपात फारशी न पडता चटकन नाहीशी होते. एवढ्या प्रचंड देहाच्या आणि दीर्घायुषी प्राण्याला कर्करोग इतका कमी का होतो, याचे एक कारण हे असावे. छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भात आलेल्या हत्तींनी धानाच्या शेतीचे नुकसान केले हे खरे. तथापि या एका बाबतीत त्यांचा हेवा वाटावा अशी स्थिती आहे.

थांबा चुकला तर

गालाच्या आतील अस्तरावरून लाकडी चपटी काडी हलकेच फिरवून काही पेशी काचेवर पसरल्या, रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तर प्रत्येक पेशीत एक मोठे केंद्रक दिसते. काही पेशींत मात्र त्याच्या शेजारी त्याच रंगाचा एक लहानसा ठिपका दिसतो. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. गुणसूत्र तुटलेले असताना पेशी विभागली की तुटलेला तुकडा मुख्य केंद्रकात न पोहोचता मागे राहतो. तोच हा ठिपका. नाक्यावर न थांबता वाहन पुढे गेल्याची ही नोंदच म्हणावयास हवी. हान्स स्टिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवून दिले की, पान-सुपारी चघळणाऱ्यांच्या गालातील पेशींत असे ठिपके अधिक प्रमाणात असतात. या लोकांना कर्करोग झालेला नव्हता आणि त्यांचे तोंड दुखतही नव्हते.

बिडी कामगारांविषयीचा पुरावा आपल्याच राज्यातील आहे. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास बिडी उद्योगातील कामगारांचा अभ्यास हाती घेतला. बिडीच्या तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्या कामगारांत गुणसूत्रांची मोडतोड वाढलेली असते, असे महिमकर आणि भिसे यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. व्यसन म्हणून नव्हे, तर पोटासाठी तंबाखू हाताळणाऱ्या माणसाच्या पेशींनाही तिची झळ लागते, हा या कामाचा आशय आहे. बिडी वळणाऱ्या स्त्रीच्या आरोग्याचा विचार करताना केवळ तिच्या पाठीचा आणि डोळ्यांचा विचार पुरत नाही. तंबाखूचा साठा झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या जागेपासून दूर असावा, काम उघड्या हवेशीर जागी चालावे, मूल मांडीशी घेऊन बिड्या वळू नयेत आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत, या साध्या गोष्टींना म्हणूनच महत्त्व आहे.

आता प्रश्न असा की, इतका चोख पहारा असताना कर्करोग होतो कसा? याचे उत्तर असे की, पहारेकऱ्याचे जनुकही त्याच धाग्यावर असते आणि इजा त्यालाही होते. तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीन हे द्रव्य डी.एन.ए.ला चिकटते. फुप्फुसाच्या कर्करोगात पी-५३ चे जनुक ज्या ठिकाणी वारंवार बिघडलेले आढळते, नेमक्या त्याच ठिकाणी हे द्रव्य अधिक चिकटते, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविले. तोंडाच्या कर्करोगाविषयी नवी मुंबईतील खारघरचे 'ॲक्ट्रेक' हे टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था यांनी मिळून ११० भारतीय रुग्णांच्या गाठींचा अभ्यास केला. गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगाचा, म्हणजे तंबाखू तोंडात धरणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा, हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत पी-५३ चे जनुक तर होतेच. शिवाय पेशीच्या आत्मनाशासाठी लागणारे 'कॅस्पेज-८' हे जनुकही होते. थांबण्याचा हुकूम गेला आणि स्वतःला संपविण्याची सोयही गेली, अशी ती पेशी होय. तिच्या प्रत्येक पिढीत नवी मोडतोड साठत जाते आणि कोणीही तिला अडवीत नाही.

खर्ऱ्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. तंबाखू काढून टाकली म्हणजे उरलेली सुपारी निरुपद्रवी, असे अनेकजण मानतात. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, तिखट लागताच आग होते, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, यांपैकी काहीही आढळल्यास दुखू लागण्याची वाट न पाहता रुग्णालयात दाखविले पाहिजे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. हे अंतर मोजण्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. ग्रामपंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक टेप घेऊन ते एका सकाळी मोजू शकतात.

यात दिलासा देणारी बाबही आहे. तोंडाचे अस्तर सतत नवे होत असते. वरच्या पेशी झडतात आणि खालच्या थरातील पेशी विभागून त्यांची जागा घेतात. ज्या पेशींची तपासणीयंत्रणा शाबूत आहे, त्यांना रोजचा मारा थांबताच दुरुस्तीला उसंत मिळते. वयाच्या कोणत्याही वर्षी सवय सोडली तरी धोका कमी होत जातो, तो यामुळेच.

डॉक्टरांच्या हातातील थांबा

तोंडाच्या कर्करोगाचे जिल्ह्यातील अनेक रुग्ण किरणोपचारासाठी नागपूरला जातात. हा उपचार साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे चालतो. गावाकडील माणसाला साहजिकच वाटते की, इतके हेलपाटे कशाला? सर्व किरण दोन दिवसांत का देऊन टाकीत नाहीत? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी या नाक्यांत आहे. रोजच्या थोड्या मात्रेनंतर निरोगी पेशी थांबतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बरीचशी दुरुस्ती करून घेतात. पहिला नाका गमावलेली कर्कपेशी तशी थांबू शकत नाही. तुटलेल्या गुणसूत्रांसह ती विभागू लागते आणि त्यातच मरते. निरोगी आणि रोगट पेशींतील हा फरक रोज थोडा थोडा वाढवीत नेणे, हे या वेळापत्रकामागील एक प्रमुख तत्त्व होय. मात्र उपचार मध्येच काही दिवस बंद पडला तर उरलेल्या कर्कपेशी त्या अवधीत वेगाने वाढतात. रोवणीच्या दिवसांत घरी परतलेला रुग्ण पंधरा दिवसांनी पुन्हा गेला, तर झालेले नुकसान नुसते दिवस वाढवून भरून निघत नाही. अशा कुटुंबाला शेतीच्या कामात किंवा प्रवासात शेजाऱ्यांनी हातभार लावला, तर ते औषधाइतकेच मोलाचे ठरते.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात हा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९५८ सालीच लिहिले होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या रुग्णांना दिली जाणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नेमकी थांब्याच्याच मार्गाने काम करते. डी.एन.ए.ची नक्कल काढण्यास लागणारा कच्चा माल बनविणाऱ्या विकराला हे औषध रोखते. माल अपुरा पडला की नक्कल अडते, फिरता पहारा जागा होतो आणि अस्थिमज्जेतील विभागणाऱ्या पेशी काही काळ थबकतात. थांबा संपताच मज्जा घाईने नव्या लाल पेशी घडवू लागते. या घाईत अर्भकावस्थेतील हिमोग्लोबिन असलेल्या पेशी अधिक तयार होतात, असे मानले जाते. हे हिमोग्लोबिन विळ्यासारखा आकार येऊ देत नाही. त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीत १९९५ साली सिद्ध झाले.

गोळी सुरू असलेल्या मुलाला 'बरे वाटते आहे' म्हणून ती बंद करणे, किंवा वेदना वाढल्या म्हणून आपल्या मनाने दुप्पट देणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. मज्जेला थांबा किती द्यावयाचा, याचे माप रक्ताच्या तपासणीतच मिळते. पांढऱ्या पेशी किंवा रक्तबिंबिका ठरावीक मर्यादेखाली गेल्या तर डॉक्टर औषध काही दिवस थांबवितात आणि मग कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. म्हणून सुरुवातीच्या काळात दर काही आठवड्यांनी आणि पुढेही नियमाने रक्त तपासून घ्यावे लागते. गर्भवती स्त्रीने, तसेच मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या दांपत्याने, ही गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे, कारण गर्भातील पेशींना त्या काळात अखंड विभागत राहावयाचे असते. शाळेत अशी मुले असतील तर त्यांच्या रक्ततपासणीच्या तारखा वर्गशिक्षकांनी हजेरीपटाच्या मागील पानावर लिहून ठेवाव्यात. त्या दिवशीची गैरहजेरी रजा म्हणून धरावी.